मुक्या सोमवारची साक्ष

मी एक जुना साक्षीदाराचा पिंजरा आहे, मित्रांनो. नाव पिंजरा असलं तरी मला ना दार, ना कडी. तीन बाजूंनी सागवानी कठडा आणि पायाखाली फळी, एवढाच मी. माणदेशातल्या एका न्यायालयात उभा आहे.

मला घडवणारा सुतार कठडा घासून घासून गुळगुळीत करायचा. म्हणायचा, "घाबरलेली माणसं हितं हात ठेवत्याली. कुसळ टोचाय नगं." नवा होतो तेव्हा येणारे-जाणारे कौतुकाने मला हात लावून बघत. पुढे पॉलिश उडालं. एक पाय झिजला, त्याखाली कुणीतरी पुठ्ठ्याची घडी सारली. तेव्हापासून मी डुगडुगतो. साक्षीदार जरा हलला की मी करकरतो, आणि लोकांना वाटतं, तोच डगमगला.

अशा माझ्यात एके दिवशी राणी येऊन उभी राहिली. सज्ञान, शिवणकाम करणारी मुलगी. न्यायालयाचं दार लावून घेतलं होतं. समोर आरोपी होता शिवतेज. त्याच्याशीच तिच्या लग्नाची सुपारी फुटली होती. मुंबईहून रजेवर आला, घरात ती एकटीच होती. "आता तू माझीच हाईस," म्हणत त्याने तिच्यावर जबरदस्ती केली. तो दिवस सोमवारचा. राणीच्या घरी मुका सोमवार पाळतात; दिवा लागेपर्यंत शब्द बोलायचा नाही.

आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही ओरडलात?"

"न्हाई."

"म्हणजे व्रत मोडावं इतकंही काही घडलं नाही!"

राणीची बोटं माझ्या कठड्यावर आवळली. "त्येनं धरलं तवा व्रत मोडाय तोंड उघडलं हुतं, साहेब. आवाजच फुटला न्हाई."

"सुपारीच्या वेळीही तुम्ही तोंडाने काही बोलला नव्हतात. तेव्हा सगळ्यांनी होकारच धरला ना?"

"तवा मी मान डोलावली हुती. त्या दिशी त्येचा हात ढकलला, मान हलवून नगं म्हणलं."

"मुक्या माणसाच्या मनातलं माझ्या अशिलाला कसं कळावं?"

मी करकरलो. मला फार वाईट वाटलं. तिचं न बोलणं आता होकार ठरणार की काय?

तेवढ्यात न्यायाधीश बाईंनी शांतपणे विचारलं, "तो आला तेव्हा आधी काय झालं?"

"मुंबईचा हलवा आणला हुता. पुडा सोडून माझ्याम्होरं धरला. मला उपास. मी मान हलवली."

"मग त्याने काय केलं?"

"पुडा मिटला. म्हणला, बरं, सांजच्याला खा."

बाईंनी शिवतेजकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. वकील कागद चाळत राहिले.

निकालाच्या दिवशी राणी आणि तिची आई मनुबाई माझ्याजवळच उभ्या होत्या. बाईंनी वाचलं: संमती स्पष्ट लागते, स्वखुशीची लागते, ती शब्दाने देता येते, तशी खुणेनेही. झटापट केली नाही, आरडाओरडा केला नाही, एवढ्यावरून ती गृहीत धरता येत नाही. सुपारी फुटली म्हणजे संमती मिळाली, असंही होत नाही. हलव्याला दिलेला नकार आरोपीला बरोबर समजला होता. पुढचाही समजलाच होता. त्याने तो मानला नाही. आरोपी दोषी आहे.

मनुबाईने माझ्यावर डोकं टेकलं. "मीच तुला ह्यो सोमवार लावला गं. जळू दे त्ये व्रत. आता सोडून दे."

राणीने आईच्या तोंडावरून पदर फिरवला. "आये, चुकलं त्येचं. सोमवार कशाला सोडू? माझ्या मनानं धरलाय. सोडायचा का न्हाई, त्ये मी ठरवीन."

दोघी निघून गेल्या. कठड्यावर राणीच्या हातांचा ओलावा जरा वेळ राहिला, मग वाळला.

मित्रांनो, माझ्या पायाखालचा पुठ्ठा काढून लाकडाचा तुकडा ठोकायला कुणाला तरी सांगा. इथे उभं राहणाऱ्याच्या पायाखाली निदान फळी तरी घट्ट हवी. आणि समोरच्याने मान हलवली, हात मागे घेतला, किंवा समोरचं माणूस नुसतं गप्प झालं, तरी तिथेच थांबा. हलव्याचा पुडा मिटता येतो, तसा आपला हातही आवरता येतो.