दाजींनी घेतलेलं माप

दाजींनी फोनवर माप पाठवलं तेव्हा धाकटी दुकानात फोटोच्या फ्रेमला काच बसवत होती. माप वाचून तिला हसू फुटलं. माशांची टाकी काठोकाठ भरलेली असताना बरोबर मधोमध टेप लावून घेतलेलं माप होतं ते. पाण्याच्या दाबानं लांब काच मध्ये पोट काढते, पुढचीही आणि मागचीही. पाणी उपसलं की दोन्ही काचा जागेवर येतात आणि मधलं अंतर कमी होतं. काचेच्या धंद्यातल्या कुणालाही हे ठाऊक असतं, पण थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सांगणार कोण? दाजी जन्मजात सर्वज्ञ. न्हाव्याला कात्री कशी धरायची तेसुद्धा शिकवतील.

तिनं मुकाट्यानं त्यांच्या मापाची पट्टी कापली, पुढची आणि मागची काच एकमेकींना धरून ठेवणारी काचेची आडवी पट्टी. झाकणासाठी त्यांनी टोकांची मापंही पाठवली होती. त्यावरून तिनं दुसरी, बरोबर बसणारी पट्टी कापली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली.

तिचा राग आजचा नव्हता. तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, जुन्या टाकीला मधोमध अशीच पट्टी होती. दाजींनी हौसेनं नवा दिवा आणला, पट्टी त्याच्या आड यायला लागली, म्हणून त्यांनी ती काढून टाकली. तिनं विचारलं तर म्हणाले, "शोभेची असते गं ती." मग एका सकाळी टाकी फुटली. घरभर पाणी झालं आणि अप्पांनी बारा वर्षं जपलेला जाड्या मासा उंबऱ्याशी तडफडून मेला. कुणी काही विचारायच्या आत दाजी बोलून मोकळे झाले, की हिनंच फरशी पुसताना टाकीवर बादली आपटली. चोराच्या उलट्या बोंबा! तिनं पट्टीचं सांगितलं, तर म्हणाले, पट्टी होती, बघा त्या तुकड्यांत. आणि तुकडे गोळा करून बाहेर नेऊन टाकले कुणी? दाजींनीच. केवढा मदतीला धावणारा जावई!

अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुझ्या हाताला काही जपताच येत नाही." काच कापून पोट भरणाऱ्या मुलीला हे ऐकावं लागलं. तेव्हापासून अप्पा तिच्याशी कामापुरतं बोलत, तेही दुसरीकडे बघून. तिला एकच हवं होतं. दाजींनी आपल्या तोंडानं, अप्पांच्या समोर कबूल करावं. पुढे त्यांचं काय व्हायचं ते होवो.

आता दाजींनीच अप्पांना नवी टाकी भेट दिली होती, जुनीपेक्षा लांब आणि पट्टीशिवाय. काच फुगलेली पाहून अप्पांची झोप उडाली, आणि दाजींना फुकटात काम करणारी मेहुणी आठवली. मासे उड्या मारतात म्हणून वर झाकणही करून हवं होतं.

ती पोचली तेव्हा अप्पा टाकीजवळ खुर्ची ओढून बसले होते. मासे टबात काढले, पाणी अर्ध्याच्या खाली उपसलं. तिनं काचेच्या आतल्या कडा ब्लेडनं खरवडून स्पिरिटनं पुसल्या.

"दाजी, पट्टी तुम्हीच बसवून बघा," ती म्हणाली. "माप तुमचं आहे."

दाजींनी बाह्या सरसावल्या. पट्टी उभी धरली, आडवी धरली, तिरकी घातली. ती दोन काचांच्या मध्ये काही केल्या उतरेना.

"तू जास्त कापलीस."

तिनं टेप पुढे केला. पट्टी त्यांच्या मापाबरहुकूम होती. अप्पांनी वाकून आकडा वाचला आणि जावयाकडे पाहिलं. दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला कळत नाही, हे कशाला एवढं मनावर घेतात लोक," ते म्हणाले. "ही पट्टी नसली म्हणून काही बिघडत नाही, अप्पा. अहो, जुन्या टाकीची तर मी ब्लेडनं कापून काढली होती. तीन आठवडे टाकी ठणठणीत होती!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. टबात एका माशानं शेपूट आपटलं.

धाकटीला वाटलं, आपण आत्ता मोठ्यानं हसू. दाजी गाडी आडवी लावली आहे असं काहीसं पुटपुटले आणि चपला घालून जिना उतरले. हवा गेलेल्या चाकासारखा त्यांचा चेहरा तिनं डोळे भरून पाहून घेतला.

"ऐकलंत ना, अप्पा?"

अप्पा टाकीकडेच बघत होते. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"सोफ्याखाली एक तुकडा सापडला होता. काठावरचं, पट्टी चिकटवलेलं सिलिकॉन ब्लेडनं सरळ कापलेलं. त्याच आठवड्यात."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"ताईचं सासरी तेव्हा नवंनवं होतं. जावयाला खोटं पाडलं असतं तर सगळं तिच्यावर निघालं असतं. तू आपली... तू पचवशील असं वाटलं."

"मग माझ्याशी बोलणं का टाकलंत?"

"कुठल्या तोंडानं बोलणार होतो?"

एवढी वर्षं तिनं दाजींना मनातल्या मनात शंभरदा उभं-आडवं कापलं होतं. आणि खरा माणूस इथे खुर्चीत बसून रोज माशांना खाणं घालत होता. त्यांना लाज वाटत होती म्हणून शिक्षा तिनं भोगली. तिला अप्पांची दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं नाही.

तिनं पिशवीतून दुसरी पट्टी काढली. दोन्ही टोकांना सिलिकॉन लावलं, पट्टी अलगद उतरवली, क्लॅम्प आवळला, बोटानं सांधा साफ केला. अप्पा बघत होते, आणि आज सरळ तिच्याकडे बघत होते.

"उद्या वाळेपर्यंत पाणी भरायचं नाही," ती म्हणाली. झाकण तिनं भिंतीला टेकवून ठेवलं. छान झालं होतं ते. आतून पांढरा रंग, मागे वायरीसाठी खाच, बिजागऱ्यांना आवाज नाही.

"मग हे बसवायला उद्या येशील ना?"

"जावयांना सांगा. माझ्या हाताला काही जपता येत नाही."

ती पिशवी उचलून बाहेर पडली. "अगं, ऐक तरी," अप्पांनी दारातून हाक मारली. मग पुन्हा मारली, जास्त मोठ्यानं. ही हाक ऐकायला ती इतकी वर्षं तरसली होती. ती एकेक पायरी सावकाश उतरली, तोंडातून शब्द काढला नाही. गप्प कसं राहायचं, ते तिला अप्पांनीच शिकवलं होतं.