खालच्या मजल्यावरची साक्ष

गृहखात्याची माणसं सकाळी पावणेसातला आली. एक पुरुष, एक बाई. रौदाचा नवरा पाचलाच कामावर गेला होता. तिन्ही मुलं गणवेशात भिंतीला लागून उभी राहिली.

जेरुसलेममधलं हेच आपलं राहतं घर, हे सिद्ध झालं नाही तर रौदाचं ओळखपत्र जाणार होतं आणि त्याबरोबर शहरात राहण्याचा हक्कही. शहराला तोडणाऱ्या सरकारी भिंतीपलीकडे, अल-राम गावात, सासरचं घर होतं. संशय तिथूनच सुरू झाला होता.

बाईने फ्रिज उघडला. लबनेचं घट्ट दही, कालचा भात, अर्धं कलिंगड. न्हाणीघरात पाच ब्रश. तिने प्रत्येकाला बोट लावून ओल पाहिली. रौदाने एकोणीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या पुढे केल्या.

"पट्टी काय, परदेशात राहणारेही भरतात," पुरुष म्हणाला. "खालच्या बाई सांगतात, तुम्ही दोन वर्षं अल-रामला असता."

रौदा जिन्यात धावली. "उम्म फख्री! वर ये, लवकर!"

शेजारीण पिठाच्या हातांनीच वर आली. "हे मेले अजून गेले नाहीत?"

"काय सांगितलंस यांना?"

"ही अल-रामला असते, घर रिकामं आहे, उचलून न्यायला काही नाही. माझा फ्रिज नेला पट्टीच्या थकबाकीत, तुझा तरी वाचवला!"

कागद घेऊन आलेल्या कुणालाही ही गल्ली असंच सांगायची. न्हाव्याला तर गल्लीने दोनदा मेलेला ठरवलं होतं, तो आत गिऱ्हाइकाची दाढी करत असताना.

"पट्टीवाले नाहीत गं हे. ओळखपत्राचे आहेत."

उम्म फख्रीचा चेहरा उतरला. "साहेब, खोटं बोलले मी. इथंच राहते ही. हिची पोरं रोज माझ्या डोक्यावर नाचतात. अल्लाची शपथ!"

"मघाशीही शपथच घेतली होती तुम्ही."

"ती पट्टीवाल्यांसाठी होती!"

कोणी हसलं नाही. "दुसरं म्हणणं वेगळं लिहून घेते," बाई म्हणाली. "सुनावणीत दोन्ही वाचतील. तोवर आम्ही पुन्हा येऊ शकतो."

"कधी?"

"सांगून येत नाही."

ती दोघं जिना उतरली. मुलांनी दप्तरं उचलली. रौदाने दाराला आतून कडी घातली.

"आज शाळा नाही," ती म्हणाली. "घरातच दिसायला हवं आपण."

"आणि उद्या?" थोरलीने विचारलं.

रौदा जिन्यातल्या पावलांचा कानोसा घेत राहिली.