पिल्लू पाहायला येऊ नये

बिबट्याचं पिल्लू पाहायला कुणी येऊ नये, असं पत्रक मी काढलं आणि त्यात पत्ता घातला. नुसतं गाव नाही. धारगळला हमरस्ता सोडल्यावर कितवा फाटा, कुणाची काजूची बाग, बागेच्या तोंडाशी राखणदार देवाचा दगड, सगळं. वन्यजीव खात्याची जनसंपर्क प्रमुख म्हणून माहिती अचूक हवी, असं मी हाताखालच्यांना सात वर्षं ऐकवत आले आहे. ती इतकी अचूक होती की दुपारी तीनपर्यंत चाळीस मोटारसायकली आल्या आणि कुणालाही वाटेत विचारावं लागलं नाही.

पिल्लू सापडलं यशोदाला. काजू वेचताना तिने वाळक्या पाल्याखाली हात घातला तर काहीतरी गरम लागलं. महिन्याभराचं असेल. तिने आधी त्याला चार शिव्या घातल्या, मग टोपलीखाली झाकून वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सांगायला गेली. आमचे वनाधिकारी प्रशांत डॉक्टरांना घेऊन पोचले. डॉक्टर म्हणाले, पिल्लू ठणठणीत आहे, आई आसपासच असणार. सापडलं तिथेच उघड्या कॅरेटमध्ये ठेवा, माणसं लांब ठेवा, रात्री येऊन घेऊन जाईल. दोन रात्री वाट बघायची. तोवर आली नाही तर प्राणिसंग्रहालय. आणि एकदा तिथे बाटलीने प्यायला शिकलं की ते जन्मभर तिथलंच.

माणसं लांब ठेवणं हे माझं काम. म्हणून ते पत्रक.

माझी मुलगी, बाय, आठ महिन्यांची आहे. ऑफिसात दूध काढायला मला मिळालेली खोली जप्त मालाची आहे. तिथे चार सांबरांची मुंडकी आणि भुसा भरलेला एक बिबट्या माझ्याकडे टक लावून असतात. बिबट्याचा एक काचेचा डोळा पडलाय, त्यामुळे त्याची मला तितकी लाज वाटत नाही. पत्रक मी तिथेच एका हाताने मोबाईलवर लिहिलं. साहेबांना मात्र ‘नजरचूक’ एवढंच सांगितलं.

संध्याकाळी म्हापशाहून गाड्या आल्या. मांद्र्याहून भाड्याच्या स्कूटरवर एक गोरं जोडपं आलं, चटई घेऊन. मग रस-ऑम्लेटचा गाडा. पोलिसांनी दोन हवालदार दिले, त्यांनी पहिल्यांदा सेल्फी काढला. रात्रभर बागेच्या कडेला मोबाईलचे उजेड हलत राहिले.

सकाळी प्रशांतनी फोन केला. “आली होती, मॅडम. कुंपणापर्यंत ठसे आहेत. तिथे बराच वेळ घुटमळलीय. मग परत.”

मी बायला पाजत होते.

मग दत्तप्रसाद साहेबांचा फोन आला. “आजची रात्र बघू, सुविधा. नाहीतर उद्या सकाळी पिंजरा. वाईट काय त्यात? ‘नाव सुचवा’ स्पर्धा घेऊ, शाळाशाळांत. तू पोस्टर करून ठेव.”

“ठेवते,” मी म्हणाले, आणि गाडी काढून विठू गावकराकडे गेले.

विठू म्हणजे वाड्याच्या वतीने राखणदाराशी बोलणारा माणूस. वाड्यावर काही अडलं की गाऱ्हाणं तोच घालतो. सोप्यावर बसून तो काजूचे बोंडू पिळत होता.

“येवा. आनीक एक फळी हाडल्यात?”

गेल्या वर्षी खात्याने ‘बिबट्यापासून सावध राहा’ असा फलक नेमका राखणदाराच्या दगडासमोर रोवला होता. मजकूर माझाच.

“तो काढून टाकते, काका.”

“ऱ्हावंदे. देवाक वाचूक येता.”

“काका, लोकांना जरा सांगा ना. आजची एक रात्र कुणी तिथे थांबू नका म्हणून.”

“तुमी सांगलां मगे. कागद काडून.”

“माझं कुणी ऐकलं नाही.”

“नाय कशे? सगळे इले.”

त्याने हात धुतले.

“तुम्ही गाऱ्हाणं घाला,” मी म्हणाले. “तुमचं ऐकतील.”

“गाऱ्हाण्याआदी कौल व्हयो. देव काय सांगतलो ता माका म्हायत नाय. देव म्हणजे तुमचो प्रेसनोट न्हय, साहेबान सही केली की सुटलो.”

म्हणजे देवाने लोकांना थांबू द्या म्हटलं, तर शेवटची रात्रही गेली. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पोस्टरसुद्धा केलेलं नव्हतं.

“चालेल,” मी म्हणाले.

माझा कुडता छातीवर ओला झाला होता. विठूने नजर माडाच्या शेंड्याकडे नेली आणि तिथेच ठेवून विचारलं, “चेडू केदां?”

“आठ महिन्यांचं.”

“कोण बघता?”

“सासूबाई.”

“मगे बेगीन करूया. तुमकां घराक वचूक व्हया.”

चार वाजता विठूने राखणदाराचा दगड धुतला आणि पाण्याने दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर लोकांनी थांबावं, डावी पडली तर घरी जावं. बिबट्या बघायला आलेली सगळी गर्दी आता कौल बघायला दगडाभोवती जमली. दहा मिनिटं गेली. म्हापशाचा एक जण चित्रण करत होता, तो म्हणाला, “पडतेय कधी? माझी बॅटरी संपत आली.” यशोदाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने फोन खिशात घातला.

उजव्या कळीला मुंगी लागली. कळी हलली. खात्यात पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन आलेली मी त्या मुंगीला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

डावी पडली.

“उजवी पडली असती तर?” मी नंतर हळूच विचारलं.

“परत विचारतलो. कदी कदी सवाल नीट कळणा नाय तेका.”

मग गाऱ्हाणं. विठूचा आवाज एकदम बदलला.

“बा देवा म्हाराजा, ही रानातली आवय आज आपल्या पोराक न्हेवक येतली…”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“तिच्या वाटेर जो कोण मोबाईल घेवन उबो ऱ्हायत, तो म्हापशाचो आसो, मांद्र्याचो आसो, गोऱ्या कातडेचो आसो…”

“व्हय म्हाराजा.”

“खात्याचो आसो…” इथे तो थांबला, माझ्याकडे बघून. “तेका तूच बघून घे.”

“व्हय म्हाराजा.” हवालदारही म्हणाले. मीही म्हणाले.

अर्ध्या तासात बाग रिकामी. ऑम्लेटवाला गाडा ढकलत हमरस्त्याला लागला. गोऱ्या जोडप्याला कुणी काय समजावलं माहीत नाही, पण त्यांनी जाताना दगडाला नमस्कार केला आणि चटई तिथेच विसरले.

राहिला आमचा कॅमेरा. साहेबांच्या हुकमावरून प्रशांतनी तो पिल्लाच्या कॅरेटसमोरच्या झाडाला बांधला होता. फोनवर साहेब सांगत होते, “आई-पिल्लाची भेट म्हणजे सोनं आहे, सुविधा. मंत्री स्वतः टाकतील.”

“याचा उजेड दिसत नाही, मॅडम,” प्रशांत म्हणाले. “राहू दे ना.”

दगडापाशी यशोदा कमरेवर हात ठेवून उभी होती. आम्ही काय करतो ते बघत. कॅमेरा राहिला असता तर दिवे लागेपर्यंत वाड्यावर कळलं असतं, आणि खात्याचा चालतो तर आमचा का नाही म्हणून मोटारसायकली परत आल्या असत्या. त्यात त्यांची चूक काढायला मला तोंड नव्हतं.

“काढा तो,” मी म्हणाले. साहेबांना म्हटलं, “आवाज तुटतोय,” आणि फोन मीच तोडला.

सकाळी सातला आम्ही बागेत शिरलो. कॅरेट रिकामं होतं. प्रशांत धुळीत गुडघे टेकून ठसे बघत पुढे सरकत गेले. साहेबांचा फोन आलाच.

“येताना मोठे ठसे आहेत,” मी प्रशांतचं ऐकून सांगत गेले. “सरळ कॅरेटपर्यंत. जाताना पण मोठेच. लहान एकही नाही.”

“लहान नाही? मग पिल्लू गेलं कसं?”

“तोंडात, साहेब.”



“फोटो?”

“रिकाम्या कॅरेटचा आहे.”

“तो कोण शेअर करणार?”

यशोदा टोपली घेऊन आली होती. ठशांकडे तिने वाकून पाहिलं, लुगड्याचा काठ वर धरला, त्यांना वळसा घातला आणि बागेच्या दुसऱ्या टोकापासून काजू वेचायला लागली.