आतून लावायचा अडसर

गुलामी सुटल्यावर केंटकीहून कॅन्ससला निघताना बाकीच्यांनी गाड्यांत पीठ, खारवलेलं मांस, बी-बियाणं भरलं. आम्ही दार भरलं. माझ्या नवऱ्यानं, अ‍ॅब्सलमनं, स्वतःच्या हातानं केलेलं ओकचं दार, आतून लावायला जाडजूड अडसर. लग्नात मी त्याच्याकडे एवढंच मागितलं होतं. गुलामीत मालकाच्या मळ्यावर आमच्या खोपटाला कडी होती ती बाहेरून. मुकादम बुटाच्या टाचेनं दार ढकलून आत यायचा, मग आई कपडे बदलत असो की बाळाला पाजत असो. माझ्या घरात येणारा आधी बाहेर उभा राहील, हे मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

डॉर्कसनं वाटभर माझी टर उडवली. "अगं केझाया, दार आणलंस खरं, घर कुठं विसरलीस?" तिची गाडी आमच्या मागेच होती, त्यामुळे सुटका नव्हती.

इथं घर म्हणजे टेकाडाच्या पोटात खणलेली खोली. सगळ्या वस्तीत लाकडी दार एकट्या माझं, बाकीच्यांकडे गोणपाट नि कांबळी. या गवताच्या मुलखात लाकूड आणायचं तरी कुठून? डॉर्कस मात्र दिवसा अडसर काढलेला बघून दार ढकलून थेट आत. "राणीसाहेब, कॉफी आहे का?" तिला खडसावायचं असं मी रोज ठरवायची आणि रोज कॉफी ओतायची.

पाच वर्षं राहून जमीन कसली की ती आपली, असा कायदा. पण राहायचं तर पाणी हवं. ओढा उन्हाळ्यात आटला. नदी इतकी लांब, की पाणी आणण्यातच दिवस सरायचा. म्हणून सगळ्यांनी मिळून विहीर खणायला घेतली. खाली ओली वाळू लागली, म्हणजे पाणी जवळच होतं. पण फावडं लावलं की बाजू ढासळायची. एका दुपारी डॉर्कसचा नवरा लेम्युएल गळ्यापर्यंत गाडला गेला. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढता आला.

"बास झालं!" डॉर्कस ओरडली. "उद्या गाडी जुंपायची. परत जायचं."

"कुणाकडे?" मी विचारलं.

मागे केंटकीत तोच मालक होता. आता मजुरी देतो म्हणायचा, इतकंच.

"फळ्या हव्यात," लेम्युएल वाळू थुंकत म्हणाला. "पेटीसारखी चौकट उतरवली तर वाळू अडेल. नाहीतर गाशा गुंडाळा सगळ्यांनी."

अ‍ॅब्सलम आमचं दार सोडून सगळीकडे बघत होता, बिचारा. मला वाळूचा राग आला, त्या सगळ्यांचा आला, आणि कुणीच माझ्याकडे काही मागत नव्हतं याचा तर जास्तच आला.

"करवत आण," मी त्याला म्हणाले.

"केझाया, मी तुला शब्द दिला होता."

"पाळलास की! आता अडसर लावून आत तहानेनं मरू का? आण म्हणते ना!"

त्यानं दार कापलं तेव्हा मी शेजारी उभी राहून मोठ्यानं रडले. लाजले नाही. अडसर मात्र दिला नाही. तो दाराच्या रिकाम्या जागी वर आडवा ठोकून घेतला आणि त्यावर गोधडी टांगली.

त्यानंतर गोधडी वाऱ्यानं उडायची, धूळ यायची, शेजारच्या कोंबड्या खुशाल आत यायच्या. डॉर्कस तेवढी आली नाही. तिची गाडी भरलेलीच होती, पण बैल अजून जुंपले नव्हते.

एका सकाळी मी मक्याची भाकरी थापत होते. विहिरीकडून आरडाओरडा ऐकू आला, कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. मग पावलं आमच्या घराकडे आली आणि गोधडीपाशी थांबली. खालून डॉर्कसचे फाटके बूट दिसत होते, त्यांच्या शेजारी बादली.

"केझाया," ती बाहेरूनच म्हणाली, "आत येऊ का गं?"

"कोण आहे?"

"मी, डॉर्कस. पाणी आणलंय."

"थांब जरा," मी म्हणाले. सावकाश हात पुसले, डोईचा रुमाल नीट बांधला.

ती थांबली.