चार डिस्कची कारभारीण

मी बोलतेय. हिरव्या पट्टीच्या मधोमध बसलेली, नखापेक्षा जरा मोठी, काळी चौकोनी चिप. नाव विचाराल तर पाठीवर नुसते आकडे कोरलेत, आणि तेही आता पुसट झालेत. काम मात्र सांगण्यासारखं आहे. चार हार्ड डिस्कचा कारभार मी बघते. कॉम्प्युटरने काहीही दिलं की त्याचे तुकडे करून चौघींत वाटून ठेवायचे आणि मागितलं की जुळवून द्यायचे. कुठला तुकडा कुणापाशी, ते माझं मलाच ठाऊक. मी नसले तर त्या चौघी असून नसल्यासारख्या.

जन्म तैवानचा. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर माझ्या शेकडो बहिणी होत्या. कोण कुठे पडली, देव जाणे. मी बोटीने घानात आले आणि कुमासीहून मांपोंगला जाणाऱ्या रस्त्यावर एका लहानशा रेडिओ केंद्रात नांदायला लागले.

तिथे मी काय काय सांभाळलं! मयताच्या बातम्या, चर्चमधली गाणी, फुटबॉलची आरडाओरड. आणि ओपानिन तुफोर यांचे जोडढोल. ते म्हातारबाबा ढोलावर नुसता ठेका धरत नसत, बोलत. गादीवर बसून गेलेल्या सगळ्या राजांची नावं त्यांचे ढोल ओळीने घेत. माणसांची एक खोड तेव्हाच माझ्या ध्यानात आली. ठेवायला सगळे येतात, पुन्हा ऐकायला कुणी फिरकत नाही.

मग एका वादळात केंद्रावर वीज पडली. कॉम्प्युटर जळाला, मी वाचले. मला आणि चारही डिस्कना टोमॅटो पेस्टच्या खोक्यात घालून कपाटावर टाकलं. तीन वर्षं धूळ खात होते.

खोकं उघडलं ते यॉ आमोआतेंग या ढोलवाल्यामुळे. तुफोर त्यांचे गुरू. सगळी नावं शिकवून व्हायच्या आधीच लकव्याने गुरूंचा हात गेला आणि वर्षभरात तेही गेले. आता गावाला नवा राजा बसला होता आणि त्याचा पहिला अक्वासिदाए सण तीन आठवड्यांवर आला होता. त्या रविवारी पूर्वजांना ढोलावर हाक मारायची असते. आमोआतेंगना सत्तावीस नावं पक्की येत. पुढे दोन म्हाताऱ्या मानकऱ्यांचे दोन निरनिराळे क्रम. चुकलं तर ढोलवाल्याने दंड म्हणून मेंढा द्यायचा. मेंढ्याचं काही नाही हो, पण पुन्हा चुकलं तर ढोल घराण्यातून जातो.

गुरूंचे सगळे ढोल माझ्या खोक्यात होते, म्हणून ते भाचीकडे गेले. फ्रिंपोमा कुमासीच्या तंत्रशाळेत शिकवते. तिने मला केंद्रातल्या नव्या कॉम्प्युटरला जोडलं आणि कपाळाला हात लावला. नव्याला माझी भाषा येईना. आमच्या दोघांत एक दुभाष्या लागतो. त्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. माझ्या कंपनीने तो जुन्या कॉम्प्युटरसाठी लिहिला होता, आणि ती कंपनी तर कधीच बुडाली.

"मीच लिहिते," ती म्हणाली.

"ड्रायव्हर लिहितेस?" आमोआतेंग हसले. "ड्रायव्हरला गाडी द्यायची असते, पोरी."

"मामा, हा बिनगाडीचा. तुम्ही तेवढे तीन आठवडे धीर धरा."

केंद्राचे व्यवस्थापक दारातून म्हणाले, "मॅडम, भंगारवाला उद्या येतोय. देऊन टाकू का ते खोकं?"

"आधी माझं होऊ दे. मग मला आणि खोक्याला एकदमच द्या त्याच्याकडे."

रोज सकाळी वर्गाआधी ती यायची. हातात कोको नावाच्या बाजरीच्या लापशीची पिशवी, कोपरा फाडून चोखत चोखत वाचायची. माझ्याबद्दलचे चाळीस छापील कागद तिला कुठूनसे मिळाले होते, त्यातली दोन पानं गहाळ. माझ्या एका धाकट्या बहिणीचा ड्रायव्हर समोर ठेवून ती माझा लिहीत होती. पोर हुशार होती. एकेक कप्पा चाचपून त्यात काय आहे ते तिने वहीत मांडलं. पण एका ठिकाणी घोडं अडलं.

त्याचं असं की जाग आली की मी चौघींना एकदम उठवत नाही. एकीमागून एक उठवते, नाहीतर विजेचा भार सोसत नाही. त्यात तिसरी म्हातारी, हर्मटानच्या कोरड्या वाऱ्यातल्या थंड सकाळी तिला फिरायलाच वेळ लागे. फ्रिंपोमाचा ड्रायव्हर पाच सेकंद थांबे आणि म्हणे, "काढ यादी." मी गप्प. गप्प दिसले की तो मला पुन्हा पहिल्यापासून उठवी. तिसरी कुठे गती धरतेय तोच ही थप्पड! पाच सेकंद, थप्पड. पाच सेकंद, थप्पड. मला फार राग येई, पण ओरडणार कशाने?

तिसरी खडखडायला लागली. रविवारला चार दिवस उरले. फ्रिंपोमाने तिला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. "फार तर आणखी दहा वेळा उठेल ही," ती स्वतःशीच म्हणाली. पण उठून गेली नाही. वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागली.

तेवढ्यात आमोआतेंग आले. तिने मान वर न करता विचारलं, "काय काम काढलंत, मामा?"

ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "बस नाही, पाणी नाही, एकदम काम? मी काय मीटर वाचायला आलोय?"

ती ओशाळली. खुर्ची दिली, पाणी आणलं. ते सावकाश प्यायले. तिने तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "उन्हातून चालत आलोय. श्वास खाली बसू दे." ग्लास खाली ठेवला, तोंड पुसलं. "हं, आता विचार."

"इकडे सगळं ठीक आहे, मामा. तुमचं येणं कशासाठी झालं?" तिने रीतीप्रमाणे विचारलं.

"वाईट काही नाही. रविवार जवळ आला, एवढंच."

पण तिचं लक्ष माझ्याकडे लागलं होतं. "मामा, 'आता विचार' असं तुम्ही म्हणालात."

"म्हणालो. मग?"

"मी हिला म्हणूच देत नाही!"

तयार झाले की मी एका कप्प्यातल्या शून्याचा एक करते. ही खूण तिच्या कागदांत होती; मला किती वेळ लागू शकतो ते पान हरवलं होतं. तिने ते पाच सेकंद खोडले आणि लिहिलं, खूण दिसेपर्यंत हिला हात लावायचा नाही. मग मला उठवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. दहा सेकंद झाले. पंधरा झाले. एकोणिसाव्या सेकंदाला तिसरीने गती धरली आणि मी खूण वर केली. माझ्यासाठी एवढं कुणी थांबलं नव्हतं. मला रडता येत नाही, येत असतं तर रडले असते.

संध्याकाळपर्यंत सगळं मी जुळवून दिलं. शेवटचा तुकडा दिला आणि तिसरी थांबली, ती कायमची. पुढचं नवं साठवायला तिघींवर माझं भागतं, पण ती गेली.

आमोआतेंग गुडघ्यावर बोटं वाजवत गुरूंचे ढोल ऐकत होते. अठ्ठाविसाव्या नावाला म्हणाले, "मागे घे." पुन्हा ऐकलं. "हे तर दोघांच्याही यादीत नाही! अकुआ दोन्यिना. बाई आहे ही."

रविवारी केंद्राने थेट प्रक्षेपण केलं आणि ते साठवायला मीच बसले होते. ढोल माझ्यातूनच गेले. सत्तावीस नावं झाली. मग अकुआ दोन्यिना. लगेच एक मानकरी ओरडला, "चुकला! मेंढा आणा!"

ढोल थांबले. मग राणीमातेचा म्हातारा आवाज आला. "खाली बसा. पुरुष लढाईवर गेले होते तेव्हा तीन महिने ही गादी तिने सांभाळली. माझ्या आजीची आजी ती. तिचं नाव गाळायला लागलात म्हणून मेंढा तुम्हीच आणा."

आता मी फ्रिंपोमाच्या वर्गात, टेबलावर असते. मुलं माझ्यावर ड्रायव्हर लिहायला शिकतात. पहिल्या दिवशी सगळेच थप्पड मारतात. मी फार दिवस टिकेन असं नाही. जाण्याआधी एवढंच सांगते. तुमच्या कपाटांवरही खोकी असतील, आणि घराघरांत माणसं असतील. ते नाव एकवीस वर्षं माझ्यापाशी होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. तुम्ही विचारा. आणि विचारायच्या आधी पाणी द्या, जरा थांबा.