त्या ऑगस्टची राख

मी अजून ओला आहे, तरी बोलतोय. देओलिंदाच्या स्वयंपाकघरात, उन्हापासून लांब, एका खुर्चीवर मला उभं केलंय. मी गाडीचा एअर फिल्टर. इंजिनात जाणारी हवा आधी माझ्यातून जाते आणि धूळ मी ठेवून घेतो. माझे कागदी भाऊबंद मळले की लोक फेकून देतात. मी सुती कापडाच्या घड्यांचा, तेल पाजलेला. मला धुऊन पुन्हा वापरतात. म्हणून एवढं सगळं पाहायची पाळी आली.

मला आणलं अदेरितोनं, देओलिंदाच्या नवऱ्यानं. तो पाईनच्या झाडांची राळ काढायचा. डोंगरातले कच्चे रस्ते, जुनी डिझेल गाडी आणि उन्हाळाभर पिवळी धूळ. दर जूनमध्ये एका रविवारी तो मला बाहेर काढायचा. हलकेच आपटून कोरडी धूळ झाडायची, साबणाचं पाणी मारून दहा मिनिटं थांबायचं, मग नळाची बारीक धार आतल्या बाजूनं सोडायची, म्हणजे मळ आला त्याच वाटेनं परत जातो. वाळवायचं सावलीतच. शेवटी प्रत्येक घडीवर तेलाची एक रेघ. हे सगळं चालायचं देओलिंदाच्या कपडे धुण्याच्या हौदावर, आणि ती करवादायची.

"माझ्या चादरी काळ्या करशील!"

"चादरींना श्वास घ्यायचा नसतो गं. या गाडीला घ्यायचा असतो."

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मात्र तिनं त्याला हाकललंच. "आज नाही. पुढच्या रविवारी कर." पुढचा रविवार राहून गेला.

ऑगस्टमध्ये डोंगर पेटला. अदेरितोनं वरच्या वाडीतली म्हातारी माणसं तीन खेपांत नदीवर आणून सोडली. चौथ्यांदा निघाला तो एका बहिऱ्या म्हाताऱ्यासाठी. माझ्या घडीघडीत राख भरली. इंजिन धापा टाकत होतं, पण चालत होतं. वळणावर एक पाईन रस्त्यात आडवा पडला. अदेरितोनं स्वतःच्या हातानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, बॉनेटवर थाप मारली. "थांब इथंच. आलोच." आणि पायी वर गेला.

वारा फिरला, आग पलीकडच्या उतारावर, वाडीच्या बाजूला गेली. गाडीचा एका बाजूचा रंग फुगला, एवढंच. अदेरितोचा देह दोन दिवसांनी सापडला, त्या म्हाताऱ्याच्या दाराशी. तोवर रस्ता मोकळा करणाऱ्यांनी झाड ढकलून दिलं होतं, त्यामुळे गाडी का थांबली ते कुणालाच कळलं नाही. कॉफीच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "फिल्टर भरला असेल. इंजिन गुदमरलं असेल." ते देओलिंदाच्या कानावर पडलं.

ओढून आणलेली गाडी दोन वर्षं छपरीत उभी होती. रोज संध्याकाळी देओलिंदा यायची, बॉनेटवर हात ठेवायची. "त्या रविवारी धुवू दिला असता तर..." मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. नळीतून वारा शिरला की मला 'आलोच' ऐकू यायचं. एकदा तर पावलंही वाजली. ओळखीची, जड बुटांची. छपरीच्या दारापाशी येऊन थांबली. देओलिंदा तेव्हा घरात होती. दार उघडलं नाही, आणि पावलं परत गेल्याचंही मी ऐकलं नाही.

परवा सकाळी तिची धाकटी बहीण लुर्देस नवी बॅटरी घेऊन आली.

"ताई, किती दिवस हे लोखंड कवटाळून बसणार? विकून टाकू. आधी सुरू होते का बघू."

"होणार नाही. फिल्टर त्या दिवशीचाच आहे."

"असू दे की. बघायला काय जातंय?"

तिसऱ्या खेपेला इंजिन खोकलं आणि चालू झालं. तीच राख पोटात घेऊन मी हवा ओढत होतो. सुरू आहे, देओलिंदा, ऐक!

ती भिंतीला टेकली. लुर्देसनं किल्लीकडे हात नेला, तशी ओरडली, "बंद करू नकोस!" बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ही मेली नव्हती. त्याचा तोच उतरला." आणि दोन्ही मुठी बॉनेटवर आपटल्या. "वेड्या! कुणी सांगितलं होतं तुला? कुणी?" दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्यावर चिडली होती.

आज तिनं मला धुतलं. खाली टब ठेवला होता. त्यात काळंकरडं पाणी साचलं.

"ओत ना ते," लुर्देस म्हणाली.

"कुठं ओतू? यात कोण कोण आहे, ठाऊक आहे तुला?"

 लुर्देसनं टबाची एक कड धरली, देओलिंदानं दुसरी, आणि दोघी चालत वरच्या वाडीकडे गेल्या. दुपारी परतल्या तेव्हा टब रिकामा होता आणि गुडघ्यांना माती लागली होती. गाडी विकायचं कुणीच पुन्हा बोललं नाही.

उद्या मला तेल लावतील. एक सांगायचं राहिलं. अगदी आतल्या घडीत चिमूटभर राख अजून आहे. देओलिंदानं तीनदा धार सोडली, ती निघाली नाही. खरं म्हणजे मीच सोडली नाही.

देओलिंदा, तेल त्या राखेवरूनच लाव. गाडी चालेल.