शेपटीची फट

लॉर्नाने जाळीच्या तळाशी दोनदा टकटक केली. आतली म्हातारी वाघीण मागचे पाय ओढत आली, जाळीला अंग लावून आडवी झाली आणि सवयीप्रमाणे तिने शेपटी खालच्या फटीतून बाहेर सरकवली. प्राण्यांची डॉक्टर गेल गुडघे टेकून तयारच होती. तिने शेपटी हातात घेतली.

"धरली हं, इर्मा. धरली," लॉर्ना तोंडाकडच्या बाजूने म्हणाली आणि बाटलीतून शेळीच्या दुधाची धार सोडली. सुई शिरली तरी इर्मा दूध चाटत राहिली.

ती फट कुठल्याच नकाशात नव्हती. पूर्वी इर्माला बेशुद्ध करायचे तर बंदुकीने सुई मारावी लागे. बंदूक दिसली की ती भिंतीवर धडका मारी, खाल्लेले ओकून टाकी. शेवटी लॉर्नाचा कामावरचा जुना सोबती वॉल्ट याने एका दुपारी ग्राइंडर आणून जाळी कापली आणि शेपटीला ओरखडा नको म्हणून कडांना रबरी नळी बसवली. शेपटी द्यायला शिकवण्यात दोन हिवाळे गेले. वॉल्ट आता नाही. बंदूकही त्यानंतर इर्माला कधी दिसली नव्हती.

"मूत्रपिंडं निकामी होत चाललीच आहेत," गेल म्हणाली. "पोटात गाठ आहे का, ते मात्र स्कॅनशिवाय कळायचं नाही."

"म्हणजे वर टेकडीवर, तुझ्या नव्या हॉस्पिटलात."

"माझ्या कशाला? हिच्याच फोटोवर उभं राहिलंय ते."

ते खरेच होते. गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या स्पर्धा, चर्चमधली जेवणे, सगळीकडे देणगीच्या डब्यावर इर्मा होती. गेलने त्या इमारतीसाठी उंबरठे झिजवले होते, आणि लॉर्नानेही तिच्याबरोबर डबा हलवला होता. मग गेल्या आठवड्यात दोघी आतून बघायला गेल्या. वाघांच्या खोलीला वर काच, खाली अखंड पोलाद. लॉर्ना वाकून तळाशी हात फिरवत राहिली.

"इथे फट हवी होती," ती म्हणाली.

"जुन्या नकाशात नव्हती ना," आर्किटेक्ट पोरगा अजिजीने म्हणाला. "आता भिंत कापायची तर मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल. वसंतात बघू."

"मग वाघिणीला सांगते, वसंतापर्यंत दम धर म्हणून."

त्याला तो विनोद वाटला. तो हसला.

आता गेल रक्ताच्या नळीवर चिठ्ठी चिकटवत होती.

"इथंच झोपव ना तिला," लॉर्ना म्हणाली. "स्ट्रेचरवरून नेऊ."

"टेकडी चढून, या बर्फात? ते औषध तिच्या अंगात जितका कमी वेळ राहील तितकं बरं. वर पोचेपर्यंत टिकायची नाही गं." गेल थांबली. "आणि गाठ पसरलेली निघाली तर मी तिला उठवणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"म्हणजे शेवटचं काय दिसणार तिला? बंदूक."

गेलने नळी पेटीत ठेवली.

"मग स्कॅनच नको. इथंच, फटीतून, कायमचं झोपव."

"आणि गाठ काढण्यासारखी असली तर?"

लॉर्नाने बाटलीचे झाकण लावले, काढले, पुन्हा लावले. आशा मोठी चिवट बया. माणसाला सुखाने हरूही देत नाही. ती नाही म्हणू शकली नाही.

सकाळी तिने न्यायच्या पिंजऱ्याचे दार उघडले. इर्मा शिकवल्याप्रमाणे आपल्या पायांनी आत गेली. आज तरी हिने हट्ट करावा, असे लॉर्नाला फार वाटले.

नव्या खोलीत ताज्या रंगाचा वास होता. इर्मा कोपरे हुंगत होती, तोच मागच्या दालनातून गेल आली. भिंतीत सुई मारण्यापुरते एक गोल भोक ठेवले होते. लॉर्नाने फक्त काचेशी उभे राहून वाघिणीला शांत ठेवायचे होते.

इर्माने बंदूक पाहिली. कान मागे गेले. लॉर्ना धडकेची वाट बघत राहिली. पण इर्मा वळली, पाय ओढत तिच्याकडे आली आणि पोलादाला अंग लावून आडवी झाली. कोणी टकटक केली नव्हती. तिची शेपटी भिंतीच्या तळाशी चाचपडू लागली. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे.

"लॉर्ना," गेल भोकाआडून म्हणाली. "आता सुई मारावीच लागेल."

लॉर्ना जमिनीवर बसली. पलीकडून शेपटी जिथे आपटत होती, तिथे तिने पोलादावर तळहात दाबला. दुधाची बाटली खिशातच राहिली.

"धरली हं, इर्मा," ती म्हणाली. "धरली."

शेपटी थांबली. गेलने बंदूक खांद्याला लावली.